कनेक्ट होतो आणि तुटतो: जुना डायल-अप मोडेम आजच्या लाइनवर चालवताना

डायल-अप मोडेम म्हणजे संगणकाचा डेटा आवाजात बदलून फोनच्या लाइनवरून पाठवणारं यंत्र. असा जुना मोडेम आज चालवणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. ४८६ किंवा पेंटियम सुरू होतो, टर्मिनल प्रोग्रॅममधून नंबर लावला जातो, समोरचा मोडेम उचलतो, ओळखीची किरकिर होते, स्क्रीनवर ‘कनेक्ट ३१२००’ येतं आणि अर्ध्या मिनिटात ‘नो कॅरिअर’, म्हणजे समोरच्या मोडेमचा सिग्नल गेला. काहींची गाडी त्याआधीच ‘नो डायलटोन’वर अडते. मग मोडेमच गेला असं धरून दुसरा विकत घेतला जातो, आणि तोही तसाच वागतो.

बहुतेक वेळा मोडेम ठणठणीत असतो. बदललेली असते ती लाइन. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरापर्यंत तांब्याची जोडी येत होती आणि पुढची डिजिटल एक्स्चेंज एकमेकांच्या घड्याळाशी जुळवलेली होती. आज घरातला फोनचा पोर्ट फायबरच्या डब्याचा किंवा व्हीओआयपी अडॅप्टरचा, म्हणजे फोनचा आवाज इंटरनेटवरून नेणाऱ्या डब्याचा, असतो. तिथे आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून ते पॅकेट म्हणून पाठवले जातात. बोलण्याला एवढं पुरतं. मोडेमला पुरत नाही. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची: दोष संगणक आणि मोडेम यांच्यामध्ये आहे, की मोडेम आणि लाइन यांच्यामध्ये? दोन्हीकडच्या गोष्टी एकाच वेळी बदलत बसलात, तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही.

खाली कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायच्या.

‘ओके’ येत नाही

मोडेमला कमांड द्यायला टर्मिनल प्रोग्रॅम म्हणून डॉसमध्ये टेलिक्स किंवा प्रोकॉम, विंडोज ९५ मध्ये हायपरटर्मिनल घ्या. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, सुरुवातीचा वेग ९६००. ‘एटी’ टाइप करून एंटर. ‘ओके’ आलं नाही तर फोनची वायर काढून बाजूला ठेवा. या टप्प्यावर तिचा काही संबंध नाही.

पहिला संशय मोडेमला वीज देणाऱ्या अडॅप्टरवर. बाहेरच्या मोडेमपैकी बऱ्याच मोडेमना डीसी नव्हे, एसी लागतो. यूएस रोबोटिक्सच्या बऱ्याच स्पोर्टस्टरना ९ व्होल्ट एसी लागतो. सिरियल पोर्टला धन आणि ऋण दोन्ही व्होल्टेज हवी असतात आणि मोडेम ती त्या एसीतूनच तयार करतो. मूळ अडॅप्टर हरवला म्हणून राउटरचा ९ व्होल्ट डीसी लावला, की दिवे लागतात, पण ऋण बाजू तयार होत नाही आणि मोडेम मुका राहतो. मोडेमच्या तळाचं लेबल वाचा: नागमोडी रेघ म्हणजे एसी, सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. अडॅप्टर जुना असेल तर मल्टिमीटर एसी रेंजवर ठेवून मोजा. अडॅप्टर बरोबर असूनही दिवे मिणमिणत असतील किंवा रिले टकटक करत असेल, तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे नवे बसवा.

मग केबल. मोडेमला सरळ केबल लागते. दोन संगणक जोडायची नल मोडेम केबल दिसायला हुबेहूब तशीच असते आणि खोक्यातून नेमकी तीच हाती लागते. ९ पिन ते २५ पिन केबलवर मल्टिमीटरचा बझर लावून बघा: संगणकाकडची ३ नंबरची पिन मोडेमच्या २ ला, २ ची ३ ला, ५ ची ७ ला लागली पाहिजे. हँडशेकच्या (‘थांब’, ‘पाठव’ असे इशारे देणाऱ्या) तारासुद्धा तपासा: ७ ते ४, ८ ते ५, ४ ते २०, ६ ते ६, १ ते ८. स्वस्त केबलमध्ये या तारा नसतातच. त्या केबलवर ‘ओके’ येतं, पण मोठी फाइल आली की अक्षरं गळतात.

यूएस रोबोटिक्सचा मोडेम असेल तर मागचे आठ डिप स्विच बघा: ३, ५ आणि ८ खाली, बाकी वर. आठवा वर राहिला तर मोडेम एटी कमांड ऐकतच नाही, आणि चांगला मोडेम भंगारात जातो. त्यानंतर ‘एटी&एफ१’ दिलं की हार्डवेअर फ्लो कंट्रोलसह (त्याच तारांनी डेटा थांबवण्या-सोडण्याच्या सोयीसह) कारखान्याची सेटिंग्ज परत येतात. रॉकवेल आणि कोनेक्झंट चिपच्या मोडेमवर हेच काम ‘एटी&एफ&सी१&डी२&के३’ करतं.

आत बसवायच्या आयएसए कार्डाची दुखणी वेगळी. कॉम १ आणि कॉम ३ हे सिरियल पोर्ट आयआरक्यू ४ (प्रोसेसरला हाक मारायची तार) वाटून घेतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असला, की डायल करताच माउस गोठतो. बायॉसमधून मदरबोर्डचा दुसरा सिरियल पोर्ट बंद करा आणि मोडेमचे जंपर कॉम २, आयआरक्यू ३ वर लावा. कॉम ४ च्या वाटेला जाऊच नका: एस३ चिपची बरीच व्हिडिओ कार्डं नेमका तोच २ई८ पत्ता वापरतात.

पीसीआय मोडेम असेल आणि कार्डावर दोन-तीनच छोट्या चिप असतील, तर तो बहुधा विनमोडेम आहे. त्याचं सगळं गणित विंडोजचा ड्रायव्हर आणि प्रोसेसर करतात. डॉसमध्ये तो चालणार नाही. कितीही जंपर शोधले तरी नाही.

‘ओके’ येतं, पण फाइल उतरवताना झेडमोडेम (फाइल पाठवायची पद्धत) सतत सीआरसीच्या, म्हणजे डेटा तपासणीच्या, चुका दाखवतो, तेव्हा दोष बहुधा यूएआरटीचा, म्हणजे सिरियल पोर्टच्या चिपचा, असतो. डॉस ६.२२ सोबतच्या एमएसडी या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॉम पोर्टची माहिती उघडा. ८२५० असं लिहिलेलं दिसलं तर चिपकडे एका बाइटपुरतीच जागा आहे. १९२०० वेगाला दर ०.५२ मिलिसेकंदाला नवा बाइट येतो. तेवढ्यात प्रोसेसरने जुना उचलला नाही तर तो गेला. १६५५०ए मध्ये १६ बाइटांची रांग असते. तशी चिप नसेल तर पोर्टचा वेग ९६००वर ठेवा किंवा १६५५०ए असलेलं आयओ कार्ड टाका. विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ मध्ये चिप असूनही रांग चालू नसेल, तर सिस्टिम.आयएनआयच्या ३८६ईएनएच विभागात ‘कॉम१फिफो=१’ ही ओळ घाला.

मोडेमची लाइनकडची बाजू जिवंत आहे का

आपल्याकडे पावसाळ्यात मोडेम मरतो तो याच बाजूने. लाइनवरून आलेल्या विजेच्या झटक्याने आतला व्हॅरिस्टर, फ्यूज रेझिस्टर किंवा कपलिंग ट्रान्सफॉर्मर जातो. संगणकाकडची बाजू शाबूत राहते, त्यामुळे ‘ओके’ व्यवस्थित येतं आणि माणूस फसतो.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २०० व्होल्टवर ठेवून लाइनच्या दोन तारांवर लावा; आरजे११ या फोनच्या साध्या प्लगमध्ये त्या मधल्या दोन असतात. काहीही उचललेलं नसताना साधारण ४८ व्होल्ट दिसले पाहिजेत, व्हीओआयपी अडॅप्टरवर काही वेळा थोडे कमी. आता मोडेमला ‘एटीएच१’ द्या. रिलेचा टक् आवाज येऊन व्होल्टेज ६ ते १२ च्या आसपास उतरलं, तर मोडेम लाइन उचलतोय. आवाज आला पण व्होल्टेज हललं नाही, तर लाइनकडचा मार्ग तुटलाय किंवा वायर ‘लाइन’ऐवजी ‘फोन’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये घातली आहे. ‘एटीएच०’ दिल्यावर व्होल्टेज परत चढलं पाहिजे. हे करताना तारांना हात लावू नका: घंटा वाजते तेव्हा लाइनवर ७५ ते ९० व्होल्ट एसी असतो.

‘नो डायलटोन’

मल्टिमीटरने पास केलेला मोडेम हा संदेश देत असेल, तर त्याला टोन ऐकू येतोय, पण ओळखता येत नाही. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होतो. आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. ईपीएबीएक्सचा (कार्यालयातल्या छोट्या फोन एक्स्चेंजचा) अंतर्गत टोन तर बऱ्याचदा तुटक असतो. ‘एटीएक्स३’ द्या: मोडेम टोनची वाट न बघता डायल करतो, बिझी टोन मात्र ओळखतो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली ‘वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग’ ही खूण काढली की तेच होतं.

‘एटीडीटी’ने टोन डायलिंग होतं, ‘एटीडीपी’ने पल्स. बऱ्याच व्हीओआयपी अडॅप्टरना पल्स कळत नाही, तेव्हा टोनच वापरा. ईपीएबीएक्समधून बाहेरची लाइन घ्यायची असेल तर ‘एटीडीटी०,,’ आणि पुढे नंबर. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांचा थांबा.

उलट बाजूला उत्तर देणारा मोडेम उचलतच नसेल, तर ‘एटीएस०=१’ (पहिल्या घंटेला उचल) दिलंय का बघा आणि स्क्रीनवर ‘रिंग’ उमटतं का ते पाहा. उमटत नसेल तर अडॅप्टरची घंटा त्याला ओळखता येत नाही. लिंक्सिसच्या पीएपी२टी आणि एसपीए२१०२ या अडॅप्टरमध्ये घंटेची वारंवारता, व्होल्टेज आणि तरंगाचा आकार बदलता येतो. तरंग सायनुसॉइड करा आणि वारंवारता २० किंवा २५ हर्ट्झ ठेवून पाहा.

कनेक्ट होऊन तुटतो

या एका दुखण्यावर सगळ्यांचा सर्वात जास्त वेळ जातो, आणि बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी मोडेमलाच विचारा. यूएस रोबोटिक्सवर लाइन तुटल्यावर लगेच ‘एटीआय६’ द्या. कोनेक्झंटच्या बऱ्याच मोडेमवर ‘एटी#यूडी’. कॉल का तुटला हे स्पोर्टस्टर स्पष्ट लिहून देतो. ‘डीटीआर ड्रॉप्ड’ असेल तर कॉल संगणकानेच तोडला: केबल, टर्मिनलचं सेटिंग किंवा प्रोग्रॅम बघा, लाइनच्या मागे लागू नका. ‘अनेबल टू रीट्रेन’ किंवा ‘लॉस ऑफ कॅरिअर’ असेल तर लाइन. त्याच पडद्यावर किती वेळा रीट्रेन झालं, म्हणजे मोडेमनी लाइन पुन्हा मोजून जुळवून घेतली, तो आकडाही असतो. दोन मिनिटांच्या कॉलमध्ये रीट्रेन पाच-सहा वेळा झालं असेल, तर तो वेग त्या लाइनला झेपत नाही.

का झेपत नाही, हे कळलं की कुठलं सेटिंग का बदलायचं हेही कळतं. व्ही.३२ (९६००), व्ही.३२बिस (१४४००) आणि व्ही.३४ (२८८००, नंतर ३३६००) या पद्धतींत दोन्ही मोडेम एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात. आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करून समोरचा आवाज वेगळा काढावा लागतो, आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो हे मोडेम सुरुवातीलाच मोजून ठेवतो. व्हीओआयपीचा जिटर बफर (उशिरा येणारी पॅकेट सांभाळून घेणारी रांग) मध्येच पाच-दहा मिलिसेकंदांनी लांबला किंवा आखडला, की ते सगळं माप चुकतं. व्ही.२२बिस (२४००) मध्ये एका दिशेला १२०० हर्ट्झ आणि दुसऱ्या दिशेला २४०० हर्ट्झ असे वेगळे पट्टे असतात. तिथे प्रतिध्वनीची वजाबाकी लागतच नाही. म्हणून ३१२०० ला तुटणारी लाइन २४०० ला तासभर टिकते.

व्हीओआयपी अडॅप्टरमध्ये पुढच्या गोष्टी दोन्ही टोकांना सारख्या करा. कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) फक्त जी.७११, एका टोकाला ए-लॉ आणि दुसऱ्याला म्यू-लॉ असं नको. आवाज दाबून लहान करणारा जी.७२९ यादीतून काढून टाका. सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट न पाठवणं) बंद. जिटर बफर अ‍ॅडॅप्टिव्ह असेल तर फिक्स्ड करा. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१ आणि एचटी८०२ मध्ये लाइन इको कॅन्सलर आणि नेटवर्क इको सप्रेसर बंद करायचे स्वतंत्र पर्याय आहेत. दोन्ही बंद ठेवा. फॅक्स मोड टी.३८ (फॅक्ससाठीची वेगळी पद्धत) नको, पास-थ्रू (आवाज जसाच्या तसा) हवा. यामागचं कारण नेमकं आहे: उत्तर देणारा मोडेम २१०० हर्ट्झचा टोन वाजवतो आणि फॅक्स मशीनही तोच वाजवतं. अडॅप्टरला वाटतं फॅक्स आला, तो टी.३८ वर उडी मारतो आणि तिथेच कॉल मरतो. सुरुवातीचा लांब टोन ऐकू येऊन पुढे शांतता पसरत असेल, तर हेच झालंय असं समजा. कॉल वेटिंगही बंद करा.

एवढं करूनही कॉल ठरावीक अंतराने, म्हणजे दर पाच-सात मिनिटांनी, गचका खात असेल तर पॅकेट हरवत नाहीत. दोन अडॅप्टरची घड्याळं जुळत नाहीत. हिशेब साधा आहे. सेकंदाला ८००० नमुने. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी सेकंदाला ०.४ नमुना मागे-पुढे होतो. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटात १६० नमुने असतात, म्हणजे ४०० सेकंदांत एक अख्खं पॅकेट जास्त होतं किंवा कमी पडतं. बफरला ते टाकावं किंवा नवं घुसडावं लागतं, आणि मोडेम रीट्रेनला जातो. सेटिंग बदलून हे सुटत नाही. दोन्ही मोडेम घरातच असतील तर दोन पोर्टचा एकच अडॅप्टर घ्या, एचटी८०२ किंवा पीएपी२टी. दोन्ही पोर्ट एकाच क्रिस्टलवर चालतात आणि हा गचका नाहीसा होतो.

समोरचं टोक आपल्या हातात नसेल, तर वेग बांधून घाला. यूएस रोबोटिक्सवर ‘एटी&एन६’ म्हणजे ९६००, ‘&एन८’ म्हणजे १४४००, ‘&एन३’ म्हणजे २४००. जुन्या रॉकवेलवर ‘एटी+एमएस=१०’ने व्ही.३२बिस, ‘+एमएस=९’ने व्ही.३२; नंतरच्या कोनेक्झंटवर ‘एटी+एमएस=व्ही३२बी’. २४००पासून वर चढत जा, ३३६००पासून खाली उतरू नका. कुठल्या पायरीला लाइन डळमळते ते लगेच दिसतं. सोबत ‘एस१०=५०’ द्या, म्हणजे कॅरिअर क्षणभर हरवलं तरी मोडेम पाच सेकंद धीर धरेल. मनासारखं झालं की ‘एटी&डब्ल्यू’ने जतन करा.

५६के विसरा. व्ही.९० या ५६केच्या पद्धतीला सर्व्हरच्या बाजूने थेट डिजिटल जोडणी लागते. दोन ॲनालॉग मोडेम समोरासमोर ठेवले तर कमाल ३३६००, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

एक वेगळंच लक्षण: कनेक्ट होतं, टिकतंही, पण सुरुवातीला चिन्हांचा कचरा येतो. समोरचा १२०० किंवा २४०० चा जुना मोडेम व्ही.४२ ही चुका दुरुस्त करायची पद्धत जाणत नाही आणि आपला मोडेम त्याच्याशी त्याच भाषेत बोलू पाहतोय. रॉकवेलवर ‘एटी\एन०’, यूएस रोबोटिक्सवर ‘एटी&एम०’ने एरर करेक्शन बंद करा. मग चुका पकडायचं काम झेडमोडेमकडे राहतं.

घरातच दोन्ही टोकं

आमचं मत स्पष्ट आहे: ज्याला जुनी यंत्रणा रोज वापरायची आहे त्याने व्हीओआयपीशी झगडू नये, एक जुना छोटा ॲनालॉग ईपीएबीएक्स घ्यावा. कार्यालयं आयपी फोनवर गेल्यामुळे तीन बाहेरच्या लाइन आणि आठ एक्स्टेंशनची यंत्रं जुन्या बाजारात सहज मिळतात. तो ४८ किंवा २४ व्होल्ट देतो, घंटा वाजवतो, टोन देतो, आणि दोन एक्स्टेंशनमध्ये पॅकेट येतच नाही. दोन व्ही.३४ मोडेम त्यावर ३१२०० किंवा ३३६००ला तासन्‌तास टिकतात. ‘एटीएक्स३डीटी’ आणि पुढे एक्स्टेंशनचा नंबर, बस्स.

ईपीएबीएक्स नसेल तर दोन मोडेम साध्या आरजे११ वायरने थेट जोडा. एकावर ‘एटीएक्स१डी’, दुसऱ्यावर लगेच ‘एटीए’. ट्रान्सफॉर्मर कपलिंगचे जुने मोडेम एवढ्यावर बोलायला लागतात. नंतरच्या काही मोडेममध्ये लाइनकडची चिप लाइनच्याच करंटवर चालते. करंट नाही तर ती उठतच नाही. त्यांच्यासाठी दोन तारांपैकी एक तोडून तिच्यात ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि ३३० ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा. दोन्ही मोडेमनी मिळून १२ व्होल्ट खाल्ले तर (१८ − १२) ÷ ३३० = साधारण १८ मिलिअँपिअर वाहतात; तेवढे पुरतात. बॅटऱ्या आणि रेझिस्टर या जोडगोळीला समांतर १ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा, म्हणजे सिग्नल रेझिस्टरमध्ये क्षीण होत नाही. मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग अडॅप्टर बॅटरीऐवजी लावू नका. त्याची शिट्टी थेट मोडेमच्या कानात जाते. या जोडणीत घंटा नसते, म्हणून ‘एस०=१’ निरुपयोगी; ‘एटीए’ हातानेच द्यावं लागतं.

दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि हार्डवेअरचा यूएसबी मोडेम ठेवला, की घरचाच डायल-अप सर्व्हर होतो. यूएसआर५६३७ किंवा कोनेक्झंट सीएक्स९३०१०वाला मोडेम लिनक्समध्ये ड्रायव्हरशिवाय टीटीवायएसीएम० म्हणून दिसतो. एमगेटी हा प्रोग्रॅम फोन उचलतो, त्यातलं ऑटोपीपीपी कॉल इंटरनेटची जोडणी करणाऱ्या पीपीपीडीकडे सोपवतं, आणि पायवर आयपी फॉरवर्डिंग व मास्करेड (पायच्या पत्त्यावरून बाहेर जाणं) चालू केलं की विंडोज ९५ बाहेर पोहोचतं. मोडेम जोडला जातो पण पासवर्डनंतर कॉल तुटतो, तेव्हा विंडोज ९५ च्या डायल-अप कनेक्शनच्या सर्व्हर टाइप्समध्ये फक्त टीसीपी/आयपी ठेवा. नेटबीईयूआय, आयपीएक्स, ‘लॉग ऑन टु नेटवर्क’ आणि ‘रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड’ यांच्या खुणा काढा. आयपी मिळाला, पिंग जातो, पण एकही पान उघडत नाही, तर आता दोष मोडेमचा राहिलेला नाही: जुन्या ब्राउझरला आजचं एन्क्रिप्शन येत नाही. पायवरच वेबवन ही मध्ये राहून जुन्या ब्राउझरला पानं देणारी प्रॉक्सी चालवा आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता भरा.